लिमयेबाई आणि नीसची भरती

भूमध्य समुद्राला भरती येईल म्हणून मी एकदा भर दुपारी तीन तास वाट बघत बसले होते. एकटी बसले असते तर ती गोष्ट माझ्याबरोबरच गेली असती. पण मी शेजारी एका भल्या बाईंना बसवून घेतलं होतं, आणि त्या आमच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या.

ज्यांचा भूगोल दहावीनंतर सुटला त्यांच्यासाठी सांगते. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला, एका चिंचोळ्या सामुद्रधुनीतून महासागराशी जेवढ्यास तेवढं बोलणारा समुद्र तो. फार तर वीत-दीड वीत वरखाली होतो. हे पुस्तकात छापलेलं आहे. ते पुस्तक मी तेव्हा वर्षानुवर्षं मुलींना शिकवत होते. मी भूगोलाची बाई होते.

हे सगळं वर आलं ते नातीमुळे. ती हिंजवडीला नोकरी करते. म्हणजे राहते कंपनीच्या बसमध्ये आणि मधूनमधून ऑफिसात उतरते. तिला आणि तिच्या नवऱ्याला फ्रान्समधल्या नीसला जायचंय. परवा फोनवरून तिथली पाहण्याजोगी ठिकाणं वाचून दाखवत होती. समुद्राकाठचा रस्ता, किल्ल्याची टेकडी, फुलांचा बाजार, बाराची तोफ.

"आजी, तू गेलीयस ना? लिस्टमध्ये काही मिसिंग आहे का गं?"

"आहे. लिमयेबाई राहिल्या."

तिने शोधून पाहिलं. मिळाल्या नाहीत.

तर लिमयेबाई. उंचीने इतक्या कमी की प्रार्थनेच्या वेळी मुलींमध्ये उभ्या राहिल्या तर पाहुण्यांना शोधाव्या लागत. पण पाहुण्यांनाच, मुलींना त्या बरोबर दिसत, पाठीमागे असल्या तरी. पांढरी कॉटनची साडी, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ, आणि पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे. कोणी काही खायला दिलं की त्या "नको" म्हणायच्या नाहीत. "ठेवा," म्हणायच्या. ते तिथेच राहायचं.

पहिलीतल्या मुलीलासुद्धा त्या 'अहो' म्हणत. "अहो कुलकर्णी, नाक पुसा." शाळेच्या दारात एक पिवळं कुत्रं आडवं पसरलेलं असायचं. शिपाई त्याला काठी दाखवायचा, ते शेपटी हलवायचं. बाई येऊन म्हणत, "अहो, उठा. घंटा झाली." आणि ते उठायचं, अंग झाडून गल्लीत जायचं. मी एकदा त्यांना याचं रहस्य विचारलं.

"अहो बर्वे, अरे-तुरे केलं की समोरच्याला भांडता येतं," त्या म्हणाल्या. "अहो-जाहो केलं की त्याला ऐकावंच लागतं. दुसरा रस्ताच राहत नाही."

त्यांच्याकडे दुसरं एक हत्यार होतं. 'पुढे?' एवढाच शब्द. मी नवी नवी नोकरीला लागले होते तेव्हा एकदा उशिरा आले. तयारी करून आले होते. म्हटलं, "बाई, निघतानाच सायकल पंक्चर झाली."

"पुढे?"

"दुकान उघडलेलं नव्हतं."

"पुढे?"

"मग सासूबाईंचं औषध आणायचं होतं."

"पंक्चर सायकलवरून? पुढे?"

"बाई, मला झोप लागली होती."

"बरं. जा वर्गावर." आणि हे सांगताना आवाजात इतका निवांतपणा, की जणू झोप लागणं हेच एकमेव मान्य कारण होतं आणि मी उगीच वळसा घालून आले.

आमची शाळा सदाशिव पेठेतली. म्हणजे मैदान नाही हे ओघाने आलंच. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "बाई, क्रीडांगण दाखवा." बाई त्यांना जिन्याने गच्चीवर घेऊन गेल्या. साहेब धापा टाकत म्हणाले, "हे क्रीडांगण?"

"हो. सपाट आहे, कठडा आहे. चेंडू खाली गेला की मुली तीन मजले उतरतात नि चढतात. मैदान असलेल्या शाळांमध्ये एवढा व्यायाम होत नाही. आपल्याला आत्ता घाम आलाय ना?"

साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते माहीत नाही. पण त्यांनी पाणी मागितलं, एवढं मी पाहिलं.

अशा बाईंना कशाची भीती वाटत असेल हा विचार आमच्या शिक्षक-खोलीत कोणाच्या मनाला शिवला नव्हता. माझ्या तर नाहीच.

त्यांच्यासोबत मी नीसला गेले ती माझ्या नणंदेच्या कृपेने. बाई आणि माझी नणंद शाळेपासूनच्या मैत्रिणी. दोघींनी मिळून युरोपच्या सहलीचं ठरवलं होतं. नणंदेने आयत्या वेळी न्हाणीघरात पाय मोडून घेतला. तिच्या जागी खोलीत बाईंच्या सोबतीला कोण, तर मी. सासऱ्यांनी कार्यक्रमपत्रिका हातात घेतली, त्यातलं इंग्रजी स्पेलिंग वाचलं आणि गल्लीभर सांगितलं, "सूनबाई नाईसला चाललीय. आहेच मुळी नाईस." सहलीचे व्यवस्थापक सबनीस म्हणून होते. त्यांनी विमानतळावरच सगळ्यांना बजावलं, "नाईस नाही, नीस. सबनीसमधलं नीस." त्यावर लिमयेबाई म्हणाल्या, "म्हणजे बाकीचा सब तुम्ही दाखवणार, असं समजू ना?"

बाईंना युरोपात काय पाहायचं होतं? काहीही नाही. त्यांना पोहायचं होतं. समुद्रात.

हे त्यांनी मला पहिल्याच रात्री हॉटेलच्या खोलीत सांगितलं, उशीचा अभ्रा उलटा करून त्यावर स्वतःचा टॉवेल पसरत. लहानपणी त्यांच्या घराजवळ एक विहीर होती. चौघे भाऊ पाठीला पत्र्याचा डबा बांधून तिथे पोहायला शिकले. बहिणीला काठावर बसवलेलं, कपडे सांभाळायला.

"बरीच वर्षं सांभाळले. एकदा सगळे सदरे विहिरीत टाकून दिले."

"मग हो?"

"मग मला काठावर बसवणं बंद झालं. घरी बसवलं."

सत्तावन्नाव्या वर्षी, निवृत्तीला थोडे महिने उरले असताना, त्यांनी पोहण्याच्या तलावावर बायकांच्या वेळेला नाव घातलं. पोशाख शिवायला पेठेतल्या शिंप्याकडे गेल्या. त्याने आयुष्यात पोलक्यांपलीकडे काही शिवलं नव्हतं. गडद निळं कापड, कोपरापर्यंत बाही, गुडघ्यापर्यंत घोळ. मापं घेऊन झाल्यावर त्याने विचारलं, "बाई, अस्तर लावू का?"

शिकवणारी मुलगी निघाली देशमुख, आमचीच माजी विद्यार्थिनी, जिला बाईंनी एकदा दिवसभर ग्रंथालयाबाहेर उभं केलं होतं. तिने त्याचा वचपा काढला नाही हे तिचे संस्कार. फक्त आवाज जरा मोठा लावायची. "बाई, हात मारा! पाय मारा! मान आत!"

"अहो देशमुख, एकेक सांगा. मी एकटी आहे."

"आता श्वास सोडा बाई!"

"सोडते. परत मिळेल याची खात्री कोण देतंय?"

पण शिकल्या. तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळूहळू, मानेचा अंबाडा कोरडा ठेवून. आणि मग त्यांना तलावाचा कंटाळा आला. म्हणाल्या, "ते काही पाणी नव्हे. समास आखलेली वही आहे."

मी म्हटलं, "बाई, त्यासाठी एवढं फ्रान्स कशाला? माझं माहेर गुहागरला. समुद्र अगदी परसदारी."

"तुमच्या माहेरी सगळा गाव काठावर येऊन उभा राहील. आणि चार दिवसांत पुण्याला कळेल. मला जिथे कोणी ओळखत नाही अशा पाण्यात जायचंय."

फक्त एक गोष्ट त्यांच्या हिशेबातून निसटली होती. सबनीसांची बस भरली होती ती पुण्याच्याच माणसांनी. अर्धी सदाशिव पेठ, उरलेली नारायण. ओळखणारे सगळे बाईंनी बरोबरच आणले होते.

साऱ्या सहलीत मोकळी दुपार एकच होती, ती नीसमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगरांकडे वळणार होतो. म्हणजे पोहायचं ते त्याच दुपारी, नाहीतर पुढे पुन्हा समुद्र नव्हता, आणि पुन्हा परदेशही नव्हता. हे बाईंनी मला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तुम्ही सोबत राहा. तुम्ही समुद्राकाठच्या." मी अशी फुगले म्हणता!

सकाळभर सबनीसांनी आम्हाला नीसची प्रेक्षणीय स्थळं दाखवली. नातीच्या फोनमध्ये जी आहेत तीच. स्थळं बिचारी जागची हलत नाहीत. पण मला त्यातलं एकही लिमयेबाईंच्या आवाजाशिवाय आठवत नाही.

समुद्राला लागून माडासारख्या झाडांचा लांबच लांब रस्ता आहे, निळ्या खुर्च्या मांडलेल्या. सबनीस म्हणाले, "थंडीत हवापालटाला येणाऱ्या इंग्रजांनी हा बांधवून घेतला."

"आणि मग गेले?"

"हो बाई, केव्हाच."

"आपण होऊन? इथल्या लोकांना तुरुंगात वगैरे जावं लागलं नाही? नशीब एकेकाचं."

मग लिफ्टने किल्ल्याच्या टेकडीवर. वर झाडं, कृत्रिम धबधबा, खाली अख्खा निळा बाक घेतलेला किनारा. किल्ला मात्र कुठे दिसेना. सबनीसांनी खुलासा केला की किल्ला फ्रान्सच्या एका राजाने पाडला, आता फक्त नाव आहे. आमच्या बसमधले गोडबोले भडकले. निवृत्त इंजिनिअर होते ते, नाव सोडलं तर त्यांच्यात गोड असं काही नव्हतं. "किल्ला नाही तर तिकिटावर किल्ला कशाला लिहायचा?"

"असं कसं गोडबोले?" बाई म्हणाल्या. "आपण पाहुण्यांना शनिवारवाडा दाखवतो तेव्हा आत वाडा असतो का?"

फुलांच्या बाजारात साखरेत घोळवलेली फुलं मिळत होती. बाईंनी एक जांभळं फूल जिभेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "गुलकंदच. यांचा घाईत कुस्करायचा राहून गेलाय." जुन्या गल्लीत एक बाई भल्यामोठ्या परातीतून हरभऱ्याच्या पिठाचं काहीतरी कापून देत होती. 'सोक्का' म्हणे. इथली खास चीज, असं सबनीस सांगायला लागले. बाईंनी कागदावरचा तुकडा मोडून खाल्ला. "धिरडं आहे. मिरची नाही, कोथिंबीर नाही. आजाऱ्याचं धिरडं." पण पुन्हा एक मागितला. माझ्याकडे न बघता.

आणि बाराची तोफ. ती अशी काही धडाडली की गोडबोले खाली बसले. रोज बाराला उडते. गोष्ट अशी सांगतात, की फार पूर्वी एक स्कॉटिश साहेब इथे राहायचा. त्याची बायको गावात गप्पा मारत बसायची आणि जेवायच्या वेळेला घरी परतायची नाही. म्हणून त्याने तोफेची व्यवस्था केली.

बसमधले सगळे पुरुष खूश. बाई म्हणाल्या, "एका नवऱ्याला भूक लागली म्हणून अख्ख्या गावाच्या कानठळ्या. अहो, तोफ आणण्यापेक्षा भात लावणं सोपं होतं."

दुपारी जेवणं झाली. दुकानं बंद झाली होती. आमच्यापैकी कोणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

सगळे किनाऱ्यावर उतरलो. मी वाळू शोधत होते. वाळू नव्हतीच, गोल गुळगुळीत गोटे होते, आणि त्या गोट्यांवर माणसं उन्हात पडली होती. बायकासुद्धा. अंगावर असायला हवं त्यातलं निम्मं. मी मान खाली घालून भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने गोट्यांचं निरीक्षण करू लागले. गोडबोल्यांनी दुर्बीण काढली आणि जहाजं पाहू लागले. त्यांची बायको थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "अहो, जहाज त्या बाजूला आहे."

लिमयेबाईंनी निळा पोशाख साडीच्या आतच घातला होता. त्यांनी पर्स माझ्याकडे दिली. चष्मा काढला. आणि तेवढ्यात मला माझं ज्ञान आठवलं.

"बाई, थांबा! आत्ता नको. ओहोटी असेल."

हे मी हवेतून काढलं नव्हतं. आमच्याकडे कोकणात पोराटोरांनाही पाठ असतं: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आणि ओहोटीला पाण्यात उतरायचं नाही, ओढून नेते. भरतीला उतरायचं, ती माणसाला काठाकडे ढकलते. माझ्या पर्समध्ये पंचांग होतं. युरोपला जाताना मी ते का नेलं होतं असं विचारू नका, मी लोणच्याच्या दोन बरण्याही नेल्या होत्या. तिथी द्वादशी. बारा पाऊणे नऊ. नऊला भरती, म्हणजे तीनपर्यंत ओहोटी.

"तीननंतर उतरा बाई. पाणी चढायला लागलं की."

"नक्की?"

"बाई, मी समुद्राकाठची."

समुद्राकाठची मी जन्मात घोट्याच्या वर भिजले नव्हते. आई ओरडायची. पण हे त्या क्षणी सांगण्यासारखं वाटलं नाही.

बाई थांबल्या. चष्मा पुन्हा लावला, खाली वाकून एक पांढरा गोटा उचलला आणि पाण्याच्या बरोबर कडेला ठेवला. "हा भिजला की जाते," म्हणाल्या, आणि वरच्या रस्त्यावरून कोणीतरी खाली आणून ठेवलेल्या निळ्या खुर्चीवर बसल्या. त्या बसलेल्या दिसल्यावर बसमधल्या मंडळींची सोय झाली. गोडबोले आले. "लिमयेबाई, इथेच आहात ना? जरा हा कॅमेरा." मग कोणाच्या चपला, कोणाची टोपी, कोणाची शाल. बाईंच्या पायाशी ढीग झाला. त्या ढिगाकडे बघत बसल्या. आता आठवलं तरी मला चोरट्यासारखं होतं, पण तेव्हा मी मजेत होते. भरती-ओहोटीत चंद्राचं कार्य काय, ते त्यांना समजावून सांगत होते.

तीन वाजले. गोटा कोरडा. साडेतीन. गोटा कोरडा. लाटा येत होत्या, पण त्या जिथपर्यंत येत होत्या तिथपर्यंतच येत होत्या.

"बर्वे, तुमची भरती कुठे अडकली?"

मी पंचांग पुन्हा काढलं. मग एकदम उजेड पडला. "बाई, पंचांग आपलं! इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. म्हणजे तीनात साडेतीन मिळवायचे. साडेसहाला लागेल भरती." खरं तर वजा करायला हवे होते, पण तेव्हा मला भरती पुढे ढकलायची होती.

"आणि बस?"

"साडेपाचला."

"पुढे?"

मी पंचांग मिटून पर्समध्ये ठेवलं.

पाचच्या सुमारास सबनीस सगळ्यांना गोळा करत आले. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी फ्रेंच बाई विणत बसली होती, दुपारपासून. लिमयेबाई सबनीसांना म्हणाल्या, "यांना विचारा, इथे भरती कधी येते?"

सबनीसांनी विचारलं. म्हातारीने सुया मांडीवर ठेवल्या. पुन्हा विचारायला लावलं. मग तिने पलीकडे पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला हाक मारून सांगितलं, आणि ती दोघं अशी काही हसली, की पेपर वाऱ्याने गेला तो गेलाच.

"काय म्हणतात?"

सबनीस बिचारे माझ्याकडे बघून चाचरले. "त्या म्हणतात, इथे भरती येत नाही. म्हणतात, मी जन्मले इथेच, अजून एकदाही पाहिली नाही."

लिमयेबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पाहत राहिल्या, मी भिंतीवरचा नकाशा असल्यासारख्या.

"चला बाई," सबनीस म्हणाले. "बस लागलीय."

बाई उभ्या राहिल्या. चष्मा काढून माझ्या हातात दिला. वडिलांचं घड्याळ काढून दिलं. मग पदर सोडला, निऱ्या काढल्या, घरच्या खोलीत असल्यासारखी साडीची चौकोनी घडी घातली आणि तीही माझ्या हातात ठेवली.

"अहो बाई, बस! बस!" सबनीस रडकुंडीला आले.

"सबनीस, बस उभीच आहे ना? मग तुम्ही बसा."

गोटे पायाला टोचत होते. त्या तोल सांभाळत, दोन्ही हात पसरून, बदकासारख्या चालल्या होत्या. तिथला किनारा फसवा आहे. दोन पावलांवर एकदम खोल होतो. मी ओरडणार होते. पण त्या दिवशी समुद्राबद्दल एक शब्द बोलण्याचा हक्क मला उरला नव्हता. दुसऱ्या पावलाला बाई नाहीशा झाल्या. मग डोकं वर आलं, अंबाडा सुटलेला. मान आत, हात, पाय. देशमुखने शिकवलं तसं, एकेक.

रस्त्याच्या कठड्यापाशी अख्खी बस येऊन उभी राहिली होती. गोडबोले म्हणाले, "या त्या मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस ना?" त्यांची बायको म्हणाली, "हो. आता लावा की दुर्बीण." आणि ती लावेपर्यंत तिने स्वतःच घेतली.

बाई खूप लांब गेल्या असं नाही. पाण्यात एक पिवळा गोळा तरंगत बांधलेला होता, तिथवर गेल्या. त्याला हात लावला. मग पाठीवर उलट्या झाल्या आणि तशाच पडून राहिल्या. कोणाचे सदरे नाहीत, प्रार्थना नाही, घंटा नाही. पांढरे केस पाण्यावर पसरलेले. मी चष्मा, घड्याळ, साडी, पर्स आणि गोडबोल्यांचा कॅमेरा छातीशी धरून उभी होते, आणि मला रडू येत होतं की हसू, ते मला ठरवता येत नव्हतं. शेवटी नाक पुसलं ते बाईंच्याच पदराला.

परत आल्या तेव्हा त्या फ्रेंच म्हातारीने हात धरून त्यांना वर ओढलं आणि स्वतःचा टॉवेल दिला. बाई तिला स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "आभारी आहे. पाणी वाईट नाही." आमच्या शाळेत 'वाईट नाही' हा शेरा मिळालेल्या मुली आजही तो मिरवतात.

बसमध्ये गोडबोल्यांनी विषय काढलाच. बस अर्धा तास खोळंबली, जेवण गार होणार, काही शिस्त आहे की नाही. बाई टॉवेल गुंडाळून पहिल्या बाकावर बसल्या होत्या. उठून उभ्या राहिल्या, प्रार्थनेच्या वेळी राहायच्या तशा.

"माझ्यामुळे आपला सगळ्यांचा अर्धा तास गेला. मला अत्यंत खेद आहे." मग केस पिळले. "अर्धा तास कमी पडला, याचा."

माझ्याशी मात्र त्या दिवशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारख्या बोलायला लागल्या, पण समुद्राबद्दल चकार शब्द नाही. पुण्यात आल्यावर मी धसका घेऊन होते, की शिक्षक-खोलीत आता माझी वरात निघणार. बाईंनी कोणालाही सांगितलं नाही. त्यामुळे मला जास्तच लागलं. चारचौघींत चेष्टा केली असती तर हिशेब मिटला असता.

त्या निवृत्त झाल्या. पुढे वारज्याला भाचीकडे राहायला गेल्या. तेव्हा वारज्याला जायचं म्हणजे आम्ही पेठेतली माणसं बरोबर डबा घेऊन निघायचो. मी वर्षातून दोनतीनदा जायची. आणि प्रत्येक वेळी कुठून तरी विषय वळवून माफी मागायची. "बाई, माझ्यामुळे तुमची ती दुपार फुकट गेली हो." त्या म्हणायच्या, "चहा घ्या." असं कितीतरी वर्षं चाललं.

शेवटची गेले तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या. गॅलरीत आरामखुर्ची टाकली होती. गुडघे गेले होते, कान शाबूत होते. समोर नव्या इमारतीचा सांगाडा उभा राहत होता आणि खालच्या गवंड्याला त्या वरून सांगत होत्या, "अहो, ती वीट वाकडी बसलीय." तो वर बघून वीट सरळ करत होता. आम्ही बराच वेळ बसलो. निघताना मी वाकून नमस्कार केला आणि सवयीने पुन्हा तेच सुरू केलं. दुपार, भरती, माझी अक्कल.

या वेळी त्यांनी चहाचं नाव काढलं नाही. माझा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या:

"अहो बर्वे, तुम्ही लगेच 'जा' म्हणाला असतात ना, तर मी काहीतरी निमित्त काढून खुर्चीवरच बसून राहिले असते. तीन तासांनी तुमचा इतका संताप आला, की भ्यायचं राहूनच गेलं."